शकुंतलेच्या बाटलीतले जंतू

१

शकुंतला बरी होत होती, आणि तिच्या बाटलीतले जंतूही मजेत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. पण त्या सकाळी डोणगावच्या आमच्या क्षयकेंद्रात दोन्ही खऱ्या होऊन बसल्या होत्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. क्षयाच्या माणसाला दूरच्या इस्पितळात वर्षभर खाटेवर न टाकता घरच्या घरी गोळ्या देऊन बरं करता येईल का, याचं संशोधन चाललं होतं आणि त्यातला एक लहानसा तुकडा आमच्या वाट्याला आला होता. कापसाच्या जुन्या जिनिंगमधल्या दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक वजनकाटा. डॉक्टर गोपाळराव प्रमुख, सूक्ष्मदर्शकापाशी भालचंद्र, आणि मी, शरयू, नर्स. निम्मे रोगी केंद्रात येऊन माझ्यासमोर औषध घेत, निम्मे गोळ्या घरी नेत. कोणता गट जास्त बरा होतो ते बघायचं होतं. शकुंतला गोळ्या घरी नेणाऱ्यांतली.

प्रत्येकाची थुंकीची बाटली दर महिन्याला यायची. भालचंद्र त्यातलं थोडं काचेवर घेऊन तपासायचा, उरलेलं मोठ्या प्रयोगशाळेत जायचं. तिथं औषध मिसळलेल्या नळीत जंतू वाढवून बघत. औषधातही ते वाढले तर समजायचं की जंतू त्या औषधाला सरावले. मग त्या गोळ्या काय आणि साखरफुटाणे काय, सारखेच.

शकुंतलेचे जंतू सरावले होते.

"ही बाई गोळ्या नीट घेत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "अर्धवट औषधानंच जंतू असे माजतात. पुढच्या आठवड्यात मुंबईचे मोठे साहेब येताहेत. तिला इथून काढून लांबच्या आरोग्यधामात पाठवावं लागेल."

शकुंतलेचे सासरे रामराव दारातच उभे होते. मोठं शेत, मोठं पागोटं आणि त्याहून मोठा आवाज. "पाठवा," ते म्हणाले. "रोग घराबाहेर गेला पाहिजे. आन् तिथून सुटली का तिच्या बापाच्या घरी धाडा. पोरगी आमची हाय, ते आमच्याच घरी राहीन."

भिंतीशी बसलेली शकुंतला बावीस वर्षांची होती. तिची लेक दीड वर्षाची. थुंकी साफ होईपर्यंत लेकराला जवळ घ्यायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि बिचारीनं ते अक्षरशः पाळलं होतं. तिचा नवरा जानराव बापामागे मान खाली घालून उभा होता. त्याला तोंड आहे की नाही अशी मला शंका यायची.

सासरे आणि नवरा बाहेर गेल्यावर शकुंतलेनं माझा पदर धरला.

"बाई, म्या एकबी गोळी चुकवली नाई. देवाची आन. माही पोरगी मले बोलवत नाई आता. तिकडं गेली त पार इसरून जाईन मले."

आणि खरं सांगते, माझा तिच्यावर विश्वास बसला.

२

त्या वेळी बाकावर भगवंतराव बसले होते. निवृत्त फौजदार. उभी हयात चोर पकडण्यात घालवली आणि शेवटी क्षयानं त्यांनाच पकडलं. तेही घरी गोळ्या नेणाऱ्या गटात होते. औषधानं ठणठणीत झाले होते, त्यामुळे रिकामपण त्यांना खायला उठलं होतं.

"डॉक्टरसाहेब," शकुंतला गेल्यावर ते म्हणाले, "फिर्याद आली, आरोपी ठरला, सजाबी ठरली. तपास कुठी गेला?"

"फौजदारसाहेब, हे चोरीचं प्रकरण नाही."

"नसन. पण त्या बाईचं वजन वाढून राह्यलं, ताप गेला, झंपरच्या शिवणी उसवाव्या लागल्या तिले. जंतू जित्ते आन् माणूसबी ताजं? कोणीतरी खोटं बोलून राह्यलं. एक त बाई, नाही त बाटली."

डॉक्टरांनी हात जोडले. भगवंतरावांनी ती परवानगी समजली आणि खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर बसले.

"पयल्या संशयित तुम्ही. गोळ्या तुम्हीच देता."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! मी तणतणत सांगितलं, की मी न कळवता तिच्या घरी जाते. तिची लघवी घेते आणि त्यात रसायनाचे थेंब टाकते. गोळी पोटात गेली असेल तर तांबूस-जांभळा रंग येतो, नसेल तर येत नाही. शकुंतलेचा रंग आजवर एकदाही चुकलेला नाही.

"लघवी तुमच्या डोयासमोर घेता?"

"मी दाराशीच उभी असते."

"आन् थुंकीची बाटली?"

"ती पहाटेची लागते. घरीच भरतात, आणि बाजाराला येता येता घरातलं कोणीतरी आणून देतं."

"हं," म्हणून ते उठले आणि भालचंद्राकडे वळले.

भालचंद्र आधीच फणकारला होता. "मी बाटल्यांची अदलाबदल केली असं म्हणायचंय का? एखाद्या वेळी होईल चूक. दर महिन्याला कशी होईल? आणि तिची बाटली मी डोळे मिटून ओळखतो. त्यात मेले काळे कण असतात. मिश्री लावत असेल. काच धुता धुता जीव जातो माझा."

"पयल्यापासून असतात?"

भालचंद्रानं जरा आठवून पाहिलं. "नाही. सुरुवातीला नव्हते. मध्यंतरी बेडका पातळही झाला होता, मला वाटलं सुटली बाई. मग एकदम पुन्हा घट्ट, आणि हे कण."

भगवंतरावांच्या मिशा हलल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, शकुंतला मिश्री लावते?"

मी तिला इतक्यांदा तपासलं होतं, पण हे काही मला सांगता येईना.

"मग उद्या तिच्या घरी जाऊन तिले हासवू," ते म्हणाले.

३

रामरावांच्या घरी आमचं स्वागत मनकर्णाबाईंनी केलं. शकुंतलेची सासू. अंगानं आडवी, जिभेनं तिखट, पण पाहुण्याला पाण्यावर जाऊ देणारी नव्हे. मागच्या खेपेला माझा डबा त्यांच्याकडे राहिला होता. तो त्यांनी घासूनपुसून आणला, आणि पाहते तर गच्च भरून तिळाचे लाडू.

"अहो, कशाला एवढं!"

"घ्या जी. आमच्या घरून रिकामं भांडं जात नाई. माह्या सासूनं घालून देल्ली रीत हाय, म्या मोडली नाई, सुनेलेबी मोडू देत नाई."

रामराव ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मध्येच खोकल्याची उबळ यायची, ते उठून परसात जायचे आणि परत येऊन बसायचे.

"लय दिसाचा खोकला?" भगवंतरावांनी विचारलं.

"दमा हाय मले," रामराव तुटकपणे म्हणाले. "जुना. तुमी सुनेचं बघा."

सुनेची खोली मागं, गोठ्याला लागून. स्वच्छ सारवलेली. ती उंबऱ्याच्या आत, आणि लेकरू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तेवढं अंगण आईलेकींमध्ये कित्येक महिने पसरलेलं होतं. पोर चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती आणि आईकडे बघतही नव्हती.

"रात्री कोणापाशी झोपते?" मी विचारलं.

"आज्याजवळ," शकुंतला म्हणाली. "मामाजीचा लय जीव हाय तिच्यावर."

भगवंतराव उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले आणि त्यांनी एका कोंबडीचोराचा किस्सा सुरू केला. चोरानं कोंबडी पागोट्याखाली लपवली, आणि पंचनाम्याच्या वेळी ऐन साहेबापुढं पागोटंच कॉक-कॉक करायला लागलं. शकुंतला आधी पदराआड, मग पदर सोडून हसली. तिचे दात पांढरेशुभ्र होते. कडुलिंबाच्या काडीचे दात.

जाताना भगवंतरावांनी मनकर्णाबाईंच्या लाडवांची भरपूर तारीफ केली. बाई खुशीत येऊन हसल्या आणि मी थबकलेच. त्यांचे दात मिश्रीनं काळेकुट्ट होते.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "कळलं मला! सासूच सुनेच्या बाटलीत थुंकते. सुनेला घालवायचा डाव आहे."

"सिस्टर," भगवंतराव म्हणाले, "आपण तिथी इतका वेळ होतो. मनकर्णाबाई एकदा तरी खोकलल्या?"

४

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी शकुंतलेला केंद्रात बोलावलं. जानराव तिला सोडायला आला आणि बाहेर लिंबाखाली बसून राहिला.

"खोका," डॉक्टर म्हणाले. "जोरात. छातीतलं वर आलं पाहिजे."

शकुंतला खोकली. पुन्हा खोकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बाटलीत थेंब पडेना. डॉक्टरांनी पाठ थोपटली, वाफ दिली. शेवटी नुसती लाळ आली.

"मग दर महिन्याला बाटलीत काय देता?"

तिनं मान खाली घातली. "पयले यायचं. आता खोकलाच नाई त काय येईन? रिकामीच ठेवून देते कोनाड्यात. मले वाटलं तुमाले ते समजलंच असंन. आत्याबाई बाजारात जाता जाता घेऊन जाते."

आत्याबाई म्हणजे सासू, मनकर्णाबाई. केंद्रात आलेली बाटली तर प्रत्येक वेळी भरलेली होती.

भगवंतरावांनी टेबलावरची एक कोरी बाटली उचलली, खिशात घातली आणि मला म्हणाले, "चला. शकुंतले, तू इथीच बस बाई, हलू नको."

मी त्यांच्यामागे जवळजवळ धावतच निघाले. मला वाटलं, आता हे मनकर्णाबाईंना दरडावणार. पण गृहस्थ ओट्यावर आरामात टेकले, पाणी मागितलं, कोरी बाटली पुढे केली आणि अगदी सहज आवाजात म्हणाले, "वहिनी, डॉक्टरले सुनबाईची आणिक एक बाटली पायजे होती."

"त्यात काय! देते ना. बसा."

मनकर्णाबाई बाटली घेऊन आत गेल्या. परसातून खोकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या परत आल्या आणि झाकण लावलेली बाटली त्यांनी भगवंतरावांच्या हातात दिली. शकुंतलेची बाटली. गच्च भरलेली. आणि शकुंतला तर गावाच्या दुसऱ्या टोकाला केंद्रात बसली होती.

५

मनकर्णाबाईंना आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. आम्ही त्यांना आणि रामरावांना केंद्रात आणलं, तर सगळ्यांसमोर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दवाखान्याचं भांडं आमच्या घरी आलं. ते भरून पाठवा म्हणून तुमीच सांगतलं. सुनेले काही येऊन नाई राह्यलं, त रिकामं कसं पाठवू? तुमी तिचं औषध बंद केलं असतं त? यायले खोकला हाय, यायचं घेतलं. एका घरचंच त हाय! घरात दूध नसलं त शेजारून आणून लेकराले पाजतच नाई का?"

'यायले' म्हणजे अर्थातच रामरावांना. नवऱ्याचं नाव त्या घ्यायच्या नाहीत.

"पण मिश्री..." मी चाचरले.

"मिश्री नाई," भगवंतराव म्हणाले. "तंबाखू. सिस्टर, तुम्ही काळे दात पाहून भुलल्या. मी काल रामरावाले तीनदा परसात जाताना पाह्यलं. आता हिशेब ऐका. जे तुमच्या डोयासमोर घेतलं, ते सांगते का बाई गोळ्या घेते. जे तुमच्या डोयाआड भरलं, ते सांगते का नाही घेत. मंग खोटं कोण? डोयाआडचं. आन् बाटलीत कण आले कधी? बेडका पातळ झाल्यावर. म्हंजे बाई बरी झाली आन् त्याच टायमाले दुसरं कोणीतरी तिच्या बाटलीत आलं. आता हे मले काऊन सुचलं? मलेबी मयनाभर काही येऊन नाही राह्यलं. पण मी फौजदार, रिकामी बाटली टेबलावर आपटली का मले कोण बोलते? सुनेची ते हिंमत नाई, आन् सासूची ते रीत नाई."

भालचंद्रानं सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं. "आहेत जंतू," तो हळूच म्हणाला. "लाल काड्या. पुष्कळ."

सगळ्यांनी रामरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फटफटीत पडला होता.

"दमा हाय मले," ते म्हणाले. पण आवाज कालचा नव्हता.

डॉक्टरांच्या कपाळावर मात्र अजून आठी होती. "एक गोष्ट जुळत नाही. यांनी आमचं औषध कधी घेतलेलं नाही. मग यांचे जंतू औषधाला सरावले कसे?"

आणि मग ज्याला तोंड आहे की नाही याची मला शंका होती, तो जानराव बोलला.

"म्या आणून देल्ल्या ह्याच गोळ्या. नांदुऱ्याले कापूस घेऊन जायचो तवा. बाबांनी सांगतलं होतं, कोणाले कळू देऊ नको. खोकला वाढला का चार दिस घ्यायचे, दबला का बंद. दोन वर्सं झाले." मग तो बापाकडे वळला. "बाबा, तुमाले ठाऊक होतं. तरी तुमी हिले काढून देत होते."

"ठाऊक नोतं रे," रामराव म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस मटकन खाली बसला. "भेव होतं. ठाऊक करूनच घेतलं नाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. क्षय म्हटलं की गावात विहिरीवर वाट द्यायचे नाहीत, तो काळ. सुनेचा रोग घराबाहेर टाकला की आपलाही जाईल असं काहीतरी त्या भ्यालेल्या डोक्यात बसलं असणार. तेवढ्यात शकुंतला किंचाळली.

"पोरगी! मामाजीजवळ झोपते ते!"

६

त्या दिवशीच डॉक्टर स्वतः मोटार मिळवून लेकराला छातीच्या फोटोसाठी बुलढाण्याला घेऊन गेले. त्यांच्या परतण्याची वाट बघताना शकुंतला लिंबाखाली बसून होती, आणि तिच्या एका बाजूला जानराव, दुसऱ्या बाजूला मनकर्णाबाई. बाईंच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. "माह्या हातानं झालं," एवढंच त्या म्हणत होत्या. शकुंतलेनं सासूचा हात सोडला नाही.

दिवेलागणीला मोटार आली. डॉक्टर उतरले ते हसतच उतरले. छातीचा फोटो स्वच्छ होता. पोर वर्षभर नजरेखाली ठेवायची, पण आज तिला काहीही नव्हतं. भगवंतराव लिंबाकडे तोंड करून उगाचच खाकरत राहिले.

रामराव दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन केंद्रात आले. "मले पाठवा लांब," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना बसवलं. सरावलेल्या जंतूंसाठी दुसरी औषधं होती, इंजेक्शनं होती. त्रासदायक, पण होती. फक्त ती माझ्यासमोर घ्यायची, एकही न चुकवता, आणि नांदुऱ्याच्या गोळ्या बंद. रामराव शाळकरी पोरासारखी मान हलवत होते.

मोठे साहेब आले तेव्हा डॉक्टरांनी काही न झाकता सगळं सांगितलं. साहेब आधी गंभीर झाले आणि मग खो खो हसले. "म्हणजे औषध इतकं लागू पडलं की थुंकायला काही उरलं नाही, आणि आपण त्यालाच अपयश म्हणत होतो!" त्यांनी त्याच बैठकीत ठरवलं, की यापुढे बाटली केंद्राच्या अंगणात, नर्सच्या देखत भरायची. ज्याला काही येत नसेल त्याच्या घशातून कापसाचा बोळा फिरवून तपासायचं. आणि रिकामी बाटली आणणाऱ्याला कोणी रागवायचं नाही, उलट चहा पाजायचा. चहाचं माझ्याकडे आलं, पण माझी काही तक्रार नव्हती.

शकुंतलेच्या घशाचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिथून उत्तर यायला काही आठवडे लागतात. ते आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. उत्तर आलं. साध्या नळीत काही वाढलं नव्हतं आणि औषधाच्या नळीतही नव्हतं.

मी डॉक्टरांच्या पुढे धावत रामरावांच्या घरी गेले. अंगणात सगळी मंडळी होती. रामराव तेवढे गोठ्यापलीकडच्या दुसऱ्या खोलीत, स्वतःहून वेगळे राहायला गेलेले. मनकर्णाबाई पोरीला भरवत होत्या.

"घे ग तिला," मी उंबऱ्यापाशी उभ्या शकुंतलेला म्हटलं. "घे जवळ. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती आधी हललीच नाही. मग तिनं अंगण ओलांडलं, खाली वाकली आणि लेकराला उचलून कडेवर घेतलं. पोरीनं त्या अनोळखी चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, ओठ काढले आणि असा काही टाहो फोडला की गोठ्यातली गाय हंबरली. आजीकडे दोन्ही हात पसरून ती आकांत करायला लागली. मनकर्णाबाई घाईनं पुढे झाल्या.

शकुंतला मागे सरली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती.

"राहू द्या आत्याबाई," ती म्हणाली. "रडू द्या तिले. माह्याच कडेवर रडून राह्यली ना."